समेच्या आधीचा हात

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

समूहगानाच्या स्पर्धेत तू मुलांसमोर उभी राहून हात करतेस, तो तुझा व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्यांदा मुलांकडे बघितलं, दुसऱ्यांदा तबल्याकडे, तिसऱ्यांदा फक्त तुझ्या हातांकडे. चौथ्यांदा आवाज बंद करून पाहिला. रागावू नकोस, पण आवाज बंद केल्यावर तू दहीहंडीचे थर लागताना खालून ओरडणाऱ्या माणसासारखी दिसतेस. दोन्ही हात, दोन्ही खांदे, मान, टाचा, आणि वर मुलांच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलणारं तोंड. मुलं गात होती चांगली. पण पुढच्या रांगेतली निम्मी मुलं तुझी करमणूक बघत होती आणि मागची रांग तुझ्या आवाजाची वाट बघत होती. दुसरा नंबर आला म्हणून तू हिरमुसली आहेस. मी परीक्षक असते तर तिसरा दिला असता.

तू विचारलंस, ‘बाई, समूहगानात हात नेमके कसे हलवायचे?’ याचं उत्तर मला नोकरीची तेहतीस वर्षं होईपर्यंत नीट माहीत नव्हतं, हे आधी कबूल करते. परळच्या शाळेत मी तुम्हाला शिकवलं तेव्हाही माहीत नव्हतं. तू तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी उभी राहायचीस, माझ्या हातांकडे कधीच बघायची नाहीस, आणि तुझं बरोबर होतं, बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. जे कळलं ते पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संचालक झुबिन मेहता यांना बघून कळलं. दोनदा प्रत्यक्ष बघितलं, आणि एकदा बघायचं राहून गेलं. राहून गेलं तिथून सुरुवात करते.

१९८४ साली ते न्यू यॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद घेऊन मुंबईत आले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नोकरीला एक वर्ष झालेलं. अण्णांची मिल जानेवारी १९८२ च्या संपात बंद पडली ती पडलीच, घरात माझा एकटीचा पगार. तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता. पेपरात फोटो आला होता, हातात काडी, कपाळावर केस. अण्णांनी विचारलं, ‘हा कोण?’ म्हटलं, ‘कंडक्टर.’ ‘कुठल्या रूटचा?’ संपानंतर अण्णा विनोद कमी करायचे, म्हणून हा लक्षात राहिला.

अण्णांना मात्र कंडक्टर म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आमच्या लालबागच्या चाळीत शनिवारी भजन असायचं. बुवा पेटीवर, बाजूला पखवाज, आणि मागे झांजा घेतलेला बारा-पंधरा जणांचा कोरस. बुवांचे दोन्ही हात पेटीत अडकलेले, त्यामुळे सगळा कारभार मानेनं चालायचा. गजर चढत जायचा आणि कुठल्यातरी क्षणी बुवा मान अशी मागे टाकायचे की पुढच्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, पंधराच्या पंधरा झांजा एकदम बंद. मी लहानपणी समेकडे लक्ष द्यायचे. अण्णा म्हणायचे, समेकडे काय बघतेस, मान कधी मागे गेली ते बघ. चाळीस वर्षांनी त्यांचं म्हणणं मला इंग्रजी बाजाच्या मैफलीत पटलं, तेव्हा अण्णा नव्हते.

झुबिन मेहता आपल्या मुंबईचे, हे तुला माहीत असेल. २९ एप्रिल १९३६ चा जन्म, पारशी घर. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे आणि त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे मुलगा जन्मला तेव्हा घरात ऑर्केस्ट्रा आधीच होता. धोबीतलावला आमच्या ओळखीचे एक व्हायोलिनवाले अंकल राहायचे, मूळचे गोव्याचे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. या संगीतातलं मला जे काही दोन पैशांचं कळतं ते त्यांच्यामुळे. काळ्या घोड्याजवळच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये मेहलींच्या ऑर्केस्ट्रातून गोव्याकडची मंडळी वाजवायची, ते अंकल मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्याच हॉलमध्ये १९९६ पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी मुलांना घेऊन गेले होते एकदा. मुलांनी चित्रं बघितली, मी स्टेज कुठे असेल ते शोधत बसले.

झुबिननी डॉक्टर व्हावं म्हणून त्यांना सेंट झेविअर्समध्ये घातलं होतं. ते सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तिथे हान्स स्वारोव्स्की नावाच्या गुरूंकडे संचालन शिकले आणि वाद्य म्हणून डबल बास घेतला. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, वाद्यवृंदाच्या कडेला मागे उभं राहून वाजवायचं वाद्य. तिथून संचालक कसा दिसतो, त्याचा हात मागपर्यंत पोचतो की पुढच्या दोन रांगांतच संपतो, हे त्यांना विद्यार्थी असतानाच कळलं असणार. हा माझा अंदाज आहे, पण तिसऱ्या रांगेतून आलेली तू मला खोटं ठरवणार नाहीस.

आता तुझ्या कामाची गोष्ट ऐक. व्हिएन्नात मोठमोठ्या संचालकांच्या तालमी बंद दाराआड चालायच्या, विद्यार्थ्यांना बसू देत नसत. झुबिन आणि त्यांच्याबरोबर शिकणारा क्लाउदिओ अब्बादो, हाही पुढे फार मोठा संचालक झाला, या दोघांनी काय केलं? तिथल्या गायकवृंदात भरती झाले. कोरसमध्ये उभं राहून गायचे आणि समोर ब्रूनो वॉल्टर किंवा कारायान तालीम कशी घेतात ते बघायचे. तिकीट काढून मैफल ऐकली असती तर या दोघांना त्या माणसांची पाठ दिसली असती. कोरसमधून तोंड दिसलं, आणि तेही चुका दुरुस्त करताना.

हे वाचलं तेव्हा मी तुझा विचार केला नव्हता, आता करते आहे. भजनी मंडळ, शाळेचं बँड पथक, गणपतीच्या आधी गल्लीत चालणारा ढोल-ताशाचा सराव, जिथे कुठे दहा माणसं एकत्र वाजवतात तिथे तालमीला जाऊन उभी राहा. कार्यक्रमाला नाही गेलीस तरी चालेल.

एप्रिल २०१६ मध्ये मी निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि झुबिन मेहता ऐंशी वर्षांचे होणार होते. त्या निमित्तानं ते इस्राएल फिलहार्मोनिक घेऊन मुंबईला आले, आणि ब्रेबॉर्न स्टेडियमवर उघड्यावर मैफल ठरली. गायला आंद्रेआ बोचेल्ली. भाच्यानं कुठूनतरी दोन तिकिटं मिळवली. एप्रिलची रात्र, घामानं पदर ओला, आणि आमच्या जागा इतक्या लांब की स्टेजवरचे वादक काळ्या मुंग्यांएवढे. पडद्यावर चेहरे मोठे दिसत होते म्हणून बरं. पडदा नसता तर मला एका काळ्या कोटाची पाठ दिसली असती, तीही टाचणीएवढी. तू कधी विचार केला आहेस का, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहणारा कलाकार दुसरा कुठला नाही? आपल्याकडे गायकानं पाठ केली तर लोक उठून जातील.

बोचेल्लींना दिसत नाही. लहानपणापासून दृष्टी अधू होती, बाराव्या वर्षी पूर्ण गेली. हे मला आधी माहीत होतं, पण ते स्टेजवर येऊन उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की या माणसाला संचालकाचा हात दिसणारच नाही. मागे सत्तर-ऐंशी वादक, सगळे त्या काडीकडे बघून वाजवणार, आणि ज्याच्यासाठी वाजवायचं त्याला काडी दिसत नाही. मग दोघं एकत्र कसे येणार?

मी त्या रात्री गाणं फारसं ऐकलंच नाही. पडद्यावर मेहता दिसले की त्यांच्याकडेच बघत राहिले. बोचेल्लींचा श्वास आत जाताना मेहतांची मान किंचित त्यांच्याकडे वळायची आणि हात वर उचलला जायचा. श्वास सुरात उतरायचा त्याच क्षणी हात खाली यायचा आणि मागचा सगळा पसारा त्याच्याबरोबर. गायकानं एखादा सूर मनासारखा लांबवला तर हात तिथेच थांबून राहायचा, अधांतरी, आणि मागे ऐंशी माणसं थांबलेली. मला वाटलं होतं की संचालक हुकूम देतो. हा माणूस तर कानात जीव आणून दुसऱ्याच्या श्वासाची वाट बघत होता आणि तो श्वास मागच्या लोकांना दिसेल असा हातानं मोठा करून दाखवत होता.

तेवढ्यावरून मला माझीच वीस वर्षांपूर्वीची फजिती आठवली. तुझ्या वेळच्या आधीची, म्हणून तुला माहीत नसेल. एका आंतरशालेय स्पर्धेच्या दिवशी माझा आवाज पूर्ण बसला होता. कोमट पाणी, ज्येष्ठमध, सगळं झालं, आवाज नाही. म्हटलं काय बिघडलं, गायचं तर मुलांना आहे. पेटीवर मुखड्याची ओळ वाजली, ठेका सुरू झाला, मी हात केला, आणि एकही मूल गायलं नाही. बत्तीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी. एक अख्खं आवर्तन रिकामं गेलं. पुढच्या आवर्तनाला एका धीट मुलीनं उचललं, मग बाकीची आली, पण सांडलेलं सांडलं.

रोज तालमीत मी मुलांच्याही वरच्या पट्टीत, मोठ्यानं गायचे. मुलं माझ्या मागून, जराशी उशिरा, गायची. ती माझा हात बघतच नव्हती, माझा आवाज ऐकून त्याला लोंबकळत होती. आवाज गेला तशी फांदी तुटली.

आमचा नंबर आला नाही हे सांगायला नको. परत येताना बसमध्ये मुलांना काही सोयरसुतक नव्हतं. मागच्या सीटवर वडापाव खात त्यांनी तेच गाणं म्हणायला सुरुवात केली, आणि पोरी, बत्तीसच्या बत्तीस एकत्र! एकमेकांच्या तोंडाकडे बघत, कुणी पुढे नाही कुणी मागे नाही. बेस्टचा कंडक्टर तिकिटाचा पंच टकटक वाजवून ठेका धरत होता. मी पुढे बसून मुकाट्यानं ऐकत होते, बोलायला आवाजच नव्हता. अण्णांना रूटचा नंबर सांगायला हवा होता.

त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी गाऊ नये. का गाऊ नये हे पुढे कळलं, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडतं. शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीत सुरू असताना मागच्या रांगा नेहमी मागे पडतात, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. आपण म्हणायचो मागची मुलं आळशी. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकरपासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला प्रत्येक सूर सेकंदाचा दहावा भाग उशिरा मिळतो. ते ऐकून गाणार, म्हणजे तिथून पुढे आणखी उशीर. त्याचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ. जरा चढ्या लयीच्या केरव्यात एवढ्यानं पाव मात्रा, अर्धी मात्रा सहज जाते. मोठ्या वाद्यवृंदात मागचे ढोल आणि पितळी वाद्यं पुढच्या व्हायोलिनपासून दहा-पंधरा मीटर लांब असतात. त्यांनी कानावर विसंबून वाजवलं तर समोरच्या श्रोत्याला ती कायम घसरलेली ऐकू येतील. हात मात्र सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. प्रकाशाला उशीर होत नाही. ती काडी आहे ती यासाठी, रुबाबासाठी नाही.

आता मूळ प्रश्न, हात कसा करायचा. तू व्हिडिओत काय करतेस सांगते. मुलं सम गातात तेव्हा तू सम दाखवतेस. म्हणजे तू त्यांच्याबरोबर नाचते आहेस, कधी कधी तर त्यांच्या मागून. सम आल्यावर ती दाखवून उपयोग काय? ती आली आहे, सगळ्यांना ऐकू आली आहे. हात सम येण्याच्या आधी बोलला पाहिजे. हात वर जातो तो श्वास, खाली येतो तो सूर. वर जायला जेवढा वेळ लागतो ती तुमची लय, आणि ज्या जोरानं वर जातो तो तुमचा आवाज. मुलांना एक अक्षर न बोलता यातलं सगळं कळतं. आपण तीनताल हातावर दाखवतो तेव्हा टाळी, टाळी, खाली, टाळी यातून आपण कुठे आहोत ते सांगतो. पाश्चात्त्य संचालकांच्या हाताचं चार मात्रांचं चक्र खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर असं फिरतं, आणि त्यातली शेवटची, वरची मात्रा महत्त्वाची, कारण ती पुढे कुठे जायचं ते सांगते. बुवांची मान मागे जायची ती हीच मात्रा.

या गोष्टीची सगळ्यात मोठी परीक्षा अंकलनी मला कागदावर काढून दाखवली होती. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १८०८ सालची. तिचे पहिले चार सूर तू नक्की ऐकले असशील, जाहिरातींपासून विनोदी मालिकांपर्यंत कुठेही येतात: तीन आखूड, एक लांब. ऐकताना वाटतं की पहिला सूर पहिल्या मात्रेवर धाडकन पडतो. कागदावर तसं नाही. सुरुवातीलाच विश्रांतीचं चिन्ह आहे, अर्ध्या मात्रेचं. सम रिकामी! तीन सूर समेनंतर, श्वास टाकून झाल्यावर येतात, आणि चौथ्यावर थांबायची खूण आहे, किती थांबायचं ते संचालकानं ठरवायचं. म्हणजे संचालकाचा पहिला ठोका शांततेवर पडतो, आणि त्या न वाजलेल्या ठोक्यातून सगळ्यांना लय कळली पाहिजे. नाही कळली तर पहिल्याच सेकंदाला सांडासांड. अंकल म्हणायचे की भले भले संचालक त्या जागेला टरकून असतात. आपल्याकडे अतीत-अनागताची, म्हणजे समेच्या जरा आधी किंवा नंतर येण्याची, समज असलेल्या माणसाला हे पटकन कळेल. तू तबला शिकली आहेस, तुला कळायला हरकत नाही.

ताल हातातल्या वस्तूनं आपटून दाखवायची सवय मला होती, तुला आहे की नाही माहीत नाही. माझी लाकडी पट्टी टेबलावर किती वर्षं आपटली गेली ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. फ्रान्सच्या राजाच्या दरबारात लुली नावाचा संगीतकार होता, तो जाड दंड जमिनीवर आपटून ताल द्यायचा. एकदा दंड स्वतःच्याच पायावर आपटला, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो त्यात गेला. हे वाचलं त्या दिवशी मी पट्टी कपाटात ठेवली.

दुसऱ्यांदा बघितलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये, एनसीपीए या कला केंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये. तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, आणि झुबिन मेहता त्याचं संचालन पहिल्यांदाच करणार होते. वय सत्त्याऐंशी. करी रोडहून सीएसएमटी, तिथून टॅक्सी, नरिमन पॉइंटला उतरेपर्यंत पावसानं छत्रीची काडी वाकडी केली. माझी खुर्ची वर, अगदी कडेला. भाचा म्हणाला, मावशी, स्वस्तातली जागा आहे, अर्धंच दिसेल. मला नेमकं तेच अर्धं हवं होतं. कडेवरून त्यांचा अर्धा चेहरा आणि डावा हात दिसत होता.

ते सावकाश आले आणि बसून संचालन केलं. २०१६ चा हात खांद्यापासून फिरायचा. या वेळी बराच वेळ मनगटच हलत होतं. डावा हात बहुतेक मांडीवर. तो वर आला की काहीतरी घडायचं. एकदा त्यांनी तळवा हळूच खाली केला, चहाच्या कपावर बशी झाकावी तसा, आणि चाळीस व्हायोलिनी इतक्या खाली गेल्या की मला माझ्या छत्रीतून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. चाळीस हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, मोजायला जाऊ नकोस. एका संथ भागात तर त्यांनी हात थांबवलाच. वादक वाजवत होते, ते ऐकत होते. मग एका फुंकवाद्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यानं सूर धरला.

माझ्या मनात आलं, या वयात एवढ्या थोड्या हालचालीत हे जमतं म्हणजे बाकीचं सगळं आधीच झालेलं आहे. तालमीत झालं आहे, आणि त्याच्याही आधी, घरी, कागदासमोर. त्यांच्या कागदावर वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक असतात, प्रत्येक वाद्याची वेगळी, आणि हे गृहस्थ पुष्कळदा समोर कागद न ठेवता, सगळं तोंडपाठ करून उभे राहतात. तुझ्या समूहगानात किती ओळी आहेत? मुलींचा आवाज, मुलांचा आवाज, पेटी, तबला. चार. व्हिडिओत दुसऱ्या अंतऱ्याला तू वहीत बघितलंस. तेवढ्यात डावीकडची दोन मुलं निसटली.

एक भाग संपला आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या म्हाताऱ्या पारशी बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, ‘अजून आहे, डिअर.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शेवटी मात्र मी शिकले होते. शेवटचा सूर संपला तरी त्यांचा हात वरच होता. सूर गेला, सभागृहातला त्याचा घुमारा गेला, आणि कुणी हललं नाही. मग हात मांडीवर आला आणि टाळ्यांचा पाऊस. बाहेरचा त्याच्यापुढे काहीच नव्हता.

तुझ्या व्हिडिओत शेवटचा शब्द संपायच्या आत तू वळून परीक्षकांना नमस्कार केलास. मुलांचा सूर हवेत, आणि त्यांना धरणारं कुणी नाही. तो शेवटचा सूर लटपटला तो त्यामुळे, मुलांच्या दमामुळे नाही. हात वर ठेव. मनात तीन मोज. मग खाली.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. तोंड मिटून ठेव, पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळतील, गोंधळू दे. हात छातीच्या उंचीवर ठेव, मागच्या रांगेला दिसेल इतपत, डोक्याच्या वर नेऊ नकोस. उजव्या हातानं लय आणि डाव्यानं आवाज. डावा उगाच उजव्याची नक्कल करत असेल तर खिशात घाल. दर तालमीत नुसती सुरुवात दहा वेळा घे. मुखड्याचा पहिला शब्द आला की थांबव, पुन्हा हात वर. मुलं कंटाळतील. तालमीआधी काळी चारचा षड्ज मुलांच्या कानात पूर्ण एक मिनिट जाऊ दे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ओबो नावाचं फुंकवाद्य वाजवणारा मैफलीआधी एक सूर धरतो आणि सगळे त्याला जुळवून घेतात. त्यांच्या मोठ्या वादकांना त्याची लाज वाटत नाही, आपल्या मुलांना का वाटावी?

आणि तो तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला मुलगा, ज्याच्याबद्दल तू लिहिलंस की तो हाताकडे कधीच बघत नाही. त्याला ओरडू नकोस. त्याच्या शेजारी जो मुलगा मोठ्यानं श्वास घेतो त्याला उभा कर. आहे असा एक, व्हिडिओत ऐकू येतो, पेटीच्या बाजूचा जाडसर. तू श्वास दाखवलास की तो घेईल, आणि चष्मेवाला त्याचा ऐकून गाईल. आणि तू त्या चष्मेवाल्याकडे कान ठेव, कधी कधी तोच बरोबर असेल.

मेहलींची एक गोष्ट राहिली. ते पुढे अमेरिकेला गेले आणि लॉस एंजेलिसला १९६४ मध्ये तरुण मुलांचा वाद्यवृंद सुरू करून तेहतीस वर्षं चालवत राहिले. मुलगा जगभर गाजत होता आणि वडील मुलांना शिकवत होते. तेहतीस हा आकडा वाचून मी उगाचच खूश झाले होते. एवढंच.

पुढच्या शनिवारी तुझी तालीम असेल तर मी भांडुपला येते. मुलांना माझ्याबद्दल काही सांगू नकोस, मला कोरसमध्ये उभी कर, मागे, उंच मुलांच्या शेजारी. खालच्या पट्टीत गाईन. तिथून तुझा हात पोचतो का ते बघते. आणि पेटी आणणार असलीस तर तिचा भाता आधी बघून घे, व्हिडिओत तो कुठेतरी हवा सोडतो आहे.

तुझी,
बाई